मावशी ‘पुरे’ म्हणाली की पुरे

निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांच्या आठवणी गोळा करायला कॉलेजच्या मुली निघाल्या, की पहिल्या दिवशी मी त्यांना फोन पिशवीतच ठेवायला लावते. आधी नुसतं बसायचं. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापानं कसं कापतात, मांडीवरच्या सुपात हात कसा चालतो, ते बघायचं. मजुरी हजार विड्यांवर मिळते. मावशी आपल्याशी बोलत थांबली की तेवढ्या विड्या कमी होतात. हे ज्या मुलीच्या ध्यानात येतं, तिला परवानगी मागण्याचं निम्मं शिक्षण तिथंच मिळतं.

सीमाभागात कागद कानडीत नाहीतर इंग्रजीत येतो. रेशन असो, बचत गटाचं कर्ज असो, “इथं सही करा” म्हटलं की करायची, हीच सवय. त्यामुळं आमच्या कागदावरही अंगठा लगेच पुढं येतो. तो होकार मी धरत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातसुद्धा संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय लिहिली आहे, आणि त्या 22 भाषांत मराठी आहे. दिलेली संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं असावं, असंही त्यात आहे.

म्हणून आम्ही मराठीत वाचून दाखवतो आणि मग विचारतो, “मावशी, आम्ही ह्याचं काय करणार, तुम्ही सांगा बघू.” एकीनं सांगितलं, “तू कॉलेजात वाचणार, तुझी बाई मार्क देणार.” झालं, तिची परवानगी तेवढ्यापुरती. ते व्हॉट्सॲपवर गेलं तर ती फसवणूक आहे.

मुलींची तालीमही घेते. जोड्या करायच्या, एकीनं विचारायचं, दुसरीनं नकार द्यायचा. मोठ्या माणसानं विचारलं की उत्तर द्यायचंच, अशा घरातल्या मुलींची जीभ अडते. त्यांना दोन वाक्यं देते : “हे आज नको.” “एवढं सांगते, पुढचं माझ्यापाशी राहू दे.” कारण सांगायचं नाही. आणि विचारणारीनं “का?” म्हणायचं नाही, हे तर त्याहून अवघड जातं.

सौंदत्तीकडच्या एका मुलीला आपल्या आत्याबद्दल लिहायचं होतं. आत्या देवीला सोडलेली, देवदासी. कर्नाटकानं ह्या प्रथेवर 1982 च्या कायद्यानं बंदी घातली, पण त्याआधी सोडलेल्या बायका आणि त्यांची मुलं गावातच आहेत. मुलगी त्याच घरात वाढली, तेव्हा गोष्ट तिचीही होती. नाव बदलते म्हणाली. पण देवळाच्या वाटेवरचं घर म्हटलं की गाव ओळखतंच. मग तिनं सगळं आत्याला वाचून दाखवलं. आत्या म्हणाली, “पोराच्या बापाचं काढून टाक. पोराच्या लग्नाचं बघायलोय.” लेखातला सगळ्यात ताकदीचा भाग तोच होता. मुलगी रडली. तरी मी आत्याच्या बाजूनं उभी राहिले, आणि तो मजकूर आम्ही फाइलमधून, फोनमधूनही पुसला.

मात्र सरसकट नावं झाकायची, हेही मला पटत नाही. एका मावशीनं खडसावलं, “माझं नाव का लपवतीस? विडी कामगारांच्या संपात मी पुढं होते.” तिचं नाव आम्ही माहेरच्या आडनावासकट घातलं, तिनं सांगितलं तसं.