मोटरहोमचा जनरेटर दुपारीच का बंद पडतो?

जून-जुलैत अमेरिकेतल्या ॲरिझोना, नेवाडाकडे मोटरहोम (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन निघालेल्यांची एक तक्रार ठरलेली. जनरेटर सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होतो, दुपारी छतावरचा एसी लावला की अर्धा-पाऊण तास चालतो आणि बंद पडतो. मग कितीही बटण दाबा, सुरू व्हायचं नाव घेत नाही. संध्याकाळी पुन्हा शहाण्यासारखा चालू. ‘इंजिन तापलं’ हे निदान लगेच होतं, पण ते हवेवर थंड होणारं इंजिन आहे, तापायचंच. बहुतेक वेळा आत उकळलेलं असतं ते पेट्रोल.

हे कार्ब्युरेटरवाल्या (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) पेट्रोल जनरेटरबद्दल, म्हणजे ओनान कंपनीचा ४००० वगैरे. डिझेलचं गणित वेगळं.

आधी बंद कसा पडतो ते कान देऊन ऐका. आवाज काही सेकंद वरखाली होऊन मग दम तुटला, तर पेट्रोल पोचत नाही. काही सूचना न देता दिवा मालवावा तसा तटकन थांबला, तर संशय ठिणगीवर. गरम झाल्यावर दगा देणारी इग्निशन कॉइल गार झाली की नव्यासारखी वागते, म्हणून ती बंद पडल्या पडल्या तिथल्या तिथे स्पार्क टेस्टरने तपासायची. ओनानच्या स्विचवरचा दिवा ३ वेळा लुकलुकत असेल तर स्टॉप एकदा दाबा, दोन अंकी कोड दिसेल. ३, थोडं थांबून ६, म्हणजे ३६: इंजिन आपणहून थांबलं. त्यामागे बहुधा इंधनच असतं.

खात्री करायला जनरेटरपाशी असलेल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओलं फडकं ठेवा. पाच-दहा मिनिटांत जनरेटर सुरू झाला तर उत्तर मिळालं. पाणी ओतू नका. एक्झॉस्ट आणि तापलेलं ओतकाम तडकू शकतं. सुरू करण्याआधी स्टॉपचं बटण अर्धा-एक मिनिट दाबून धरलं की पंप चालतो आणि कार्ब्युरेटर भरून घेतो.

आता पेट्रोल उकळतं कशामुळे? टाकी बऱ्याच गाड्यांत मागे, जनरेटर कुठेतरी पुढे, आणि पंप जनरेटरपाशी. म्हणजे तो लांबच्या नळीतून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि कमी दाबाला पेट्रोल लवकर वाफ धरतं. त्यात नळी एक्झॉस्टजवळून गेलेली, खाली तापलेला डांबरी रस्ता. उंचीवर हवेचा दाबही कमी, म्हणून फिनिक्सहून फ्लॅगस्टाफला (सुमारे ७,००० फूट) चढताना त्रास वाढतो. हिवाळी पेट्रोल जास्त उडून जाणारं असतं, त्यामुळे मार्च-एप्रिलच्या एखाद्या गरम दिवशीसुद्धा हे घडतं.

दुरुस्तीची सुरुवात फुकटच्या गोष्टींनी करा. टाकी अर्ध्याच्या वर ठेवा. टाकीतली जनरेटरची ओढनळी मुद्दाम आखूड असते, साधारण पाव टाकीला ती हवा ओढू लागते. जनरेटरच्या हवेच्या जाळीतला कचरा, कुंभारीण माशीची मातीची घरटी काढा. आतला आवाज शोषणारा फोम सुटून हवेच्या वाटेवर पडला आहे का बघा, हा दोष डोळ्यांसमोर असून दिसत नाही. जनरेटरचं दार उघडं ठेवून चालवू नका, हवेचा ठरलेला प्रवाह बिघडतो.

मग नळी. जुनी पाव इंची नळी आतून फुगते किंवा ओढताना चपटी होते. इथेनॉल चालणारी नवी नळी घाला, क्लॅम्पही नवे. एक्झॉस्टपासून शक्य तेवढी दूर न्या, जवळून जाणारा भाग चमकदार उष्णतारोधक बाहीत घाला. हे काम इंजिन पूर्ण गार असताना आणि बॅटरीची तार काढूनच.

एवढ्याने भागलं नाही तर टाकीजवळ कमी दाबाचा कार्ब्युरेटरचा जादा पंप बसवा, म्हणजे पेट्रोल ओढण्याऐवजी ढकललं जाईल. फ्युएल इंजेक्शनचा पंप लावू नका, तो ४०-६० पीएसआय दाब देतो आणि कार्ब्युरेटरमधली पेट्रोल अडवणारी सुई उघडी पाडतो. नव्या पंपाची वीज रिलेतून (विजेवर चालणारा स्विच) घ्या, रिले जनरेटरच्या पंपाच्या तारेवर, आणि मध्ये फ्यूज. जनरेटर थांबला की पंपही थांबलाच पाहिजे.

‘चार हजार वॅट आहे, उन्हात कमी पडतो’ हेही ऐकायला मिळतं. ७७ अंश फॅरेनहाइटच्या वर दर १० अंशांना साधारण १ टक्का आणि ५०० फुटांच्या वर दर हजार फुटांना ३.५ टक्के क्षमता घटते. लास व्हेगासला (सुमारे २,००० फूट) ११० अंशांत अंदाजे ३,६५० वॅट उरतात, एका एसीला पुष्कळ. ७,००० फुटांवर मात्र ३,१०० च्या आसपास. तिथे एसीचा कॉम्प्रेसर सुरू होतानाच मायक्रोवेव्ह लावला तर जनरेटर गुदमरणार, आणि तो दोष पेट्रोलचा नाही.

जनरेटर बंद करण्याआधी एसी बंद करून ३-५ मिनिटं मोकळा चालवा. भर भारावर बंद केला की पंखा थांबतो, इंजिनची धग कार्ब्युरेटरमध्ये चढते आणि दहा मिनिटांनी सुरू करताना तेच रडगाणं.

गाडी भाड्याची असेल तर नळी-पंपाला हात लावू नका. ओलं फडकं, भरलेली टाकी आणि सावली एवढंच तुमचं, बाकी कंपनीला फोन.