शिवराई घासू नका
आज साफ करायला घेतलेली शिवराई (शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं) मातीने पार झाकलेली. तांब्याच्या जुन्या नाण्याला चिंच, लिंबू, पितांबरी लावूच नये. हिरवट-काळा थर निघतो आणि झिजलेली अक्षरंही त्याच्यासोबत जातात. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायचं, पाणी रोज बदलायचं. माती मऊ झाली की भिंगाखाली बांबूच्या टूथपिकने अक्षरांच्या कडेकडेने काढायची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. नाणं पाडायच्या ठशापेक्षा तांब्याची चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं बाहेरच राहतात; नुसता ‘त्र’ दिसला तरी बाजू कळते. पोपटी भुकटी सुटत असेल तर तो तांबं पोखरणारा क्लोराइडचा रोग, ते नाणं इतरांपासून वेगळं आणि कोरडं ठेवा. आणि हो, जमिनीत सापडलेला १० रुपयांवरचा ऐवज १८७८ च्या कायद्यानुसार कलेक्टरला कळवावाच लागतो.