माझं पेटंट आकृती ३ मध्ये होतं

धुणं झालं की फोनवर निरोप यावा, एवढीच मूळ कल्पना. आईला आता कमी ऐकू येतं. मशीनची शिटी तिच्यापर्यंत पोचत नाही, आणि ओले कपडे ड्रममध्ये पडून राहून कुबट वास धरतात. मशीन जुनं, त्याला वायफाय वगैरे काही नाही. म्हणून मी काडेपेटीएवढी एक डबी बनवली. आत कंपन टिपणारा सेन्सर, छोटी बॅटरी आणि वायफायची चिप. ती मशीनच्या कडेला चिकटवायची. एरवी डबी झोपलेली असते. मशीन हललं की जागी होते, धुणं संपलं की एकदाच नेटवर्कला जोडून घेते, निरोप पाठवते आणि पुन्हा झोपते.

डबी नीट चालायला लागल्यावर मी तिचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवायच्या बेतात होतो. या क्षेत्रातल्या एका ओळखीच्या माणसाने वेळेवर थांबवलं. अर्ज करायच्या आधी शोध जगजाहीर झाला, तर बहुतेक देशांत त्याचं नावीन्यच संपतं. काही देश थोड्या महिन्यांची सवलत देतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. हे ज्याने त्याने पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं, कारण पुढच्या बऱ्याच चुका काही ना काही करून सावरता येतात, ही येत नाही.

मग आधीची पेटंटं शोधायला बसलो. पेटंटच्या कागदपत्रांचे मोठे साठे इंटरनेटवर फुकट खुले आहेत. पण ‘वॉशिंग मशीन, मोबाइल, निरोप’ असे शब्द टाकून फारसं काही हाती लागेना आणि मला वाटलं, मैदान मोकळं आहे. तसं मुळीच नव्हतं. पेटंटातली भाषा वेगळी असते. संगणकाच्या माउसचंच घ्या. डग्लस एंगलबार्टने १९६७ मध्ये अर्ज केला आणि १९७० मध्ये त्याला पेटंट मिळालं, त्याचं शीर्षक आहे ‘डिस्प्ले प्रणालीसाठी एक्स-वाय स्थितिदर्शक’ अशा अर्थाचं. संगणक तारेने एकमेकांना जोडणाऱ्या इथरनेटचं १९७७ चं पेटंट ‘टक्कर ओळखणारी बहुबिंदू डेटा संपर्क प्रणाली’ या थाटाचं आहे. पर्सी स्पेन्सरने मायक्रोवेव्हवर अन्न शिजवण्यासाठी १९४५ मध्ये अर्ज केला, १९५० मध्ये पेटंट मिळालं, आणि शीर्षकात फक्त ‘अन्नपदार्थांवर प्रक्रिया करण्याची पद्धत’. नेहमीच्या शब्दांनी शोधलं तर यातलं एकही सहज सापडणार नाही.

वाट सापडली ती आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातून. प्रत्येक पेटंटावर वर्गाचा संकेतांक असतो. कपडे धुण्याची यंत्रं ‘डी०६एफ’ मध्ये, भांडी धुणं आणि घरातली साफसफाई ‘ए४७एल’ मध्ये, डिजिटल माहितीचं दळणवळण ‘एच०४एल’ मध्ये. या संकेतांकांनी चाळायला लागलो आणि तीन रात्रींत माझी कल्पना माझ्या आधी कितीतरी जणांनी मांडलेली दिसली. कंपनावरून यंत्र चालू की बंद हे ओळखणं, फोनवर कळवणं, बॅटरी वाचवायला झोपणं, सगळं होतं. फार वाईट वाटलं. दोन आठवडे वहीला हात लावला नाही.

पुन्हा उठवलं ते जोसेफिन कॉक्रेनच्या पेटंटाने. भांडी धुण्याच्या यंत्राचं तिचं पेटंट १८८६ चं. पण त्याच्या खूप आधी, १८५० मध्येच, हाताने फिरवून भांड्यांवर पाणी उडवणाऱ्या एका लाकडी यंत्राला पेटंट मिळालं होतं. म्हणजे ‘यंत्राने भांडी धुणं’ ही कल्पना तिची नव्हतीच. तिचं काय होतं, तर ताटं-कपांच्या मापाचे तारेचे कप्पे आणि त्यांच्यावर जोराने येणारं साबणाचं गरम पाणी. तिचे दावे, म्हणजे नेमक्या कशावर हक्क हे सांगणारी पेटंटातली वाक्यं, मी सावकाश वाचले आणि माझ्या वहीत माझे तारेचे कप्पे शोधायला लागलो.

पेटंट एजंट बाईंकडे गेलो तेव्हा त्यांनी माझा मसुदा वाचून बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “मशीन थांबलं हे कळतं, हा तुमचा शोध नाही. ते तुम्हाला कशावरून कळतं, तेवढंच मला सांगा.”

मी त्यांना कंपनाचा आलेख दाखवला. धुणं मध्ये बऱ्याचदा थांबतं: भिजवताना, पाणी भरताना, दोन खळबळण्यांच्या मध्ये. नुसती शांतता मोजली तर डबी चारदा खोटा निरोप देते. पण स्पिन संपताना ड्रमचा वेग उतरतो आणि एका ठरावीक मंद वेगाशी, स्प्रिंगवर टांगलेला टब आपल्या नैसर्गिक लयीत सापडून, क्षणभर जोरात हेलकावतो. मशीनवर हात ठेवला तर हा धक्का तळव्याला जाणवतो. शेवटचा स्पिन सगळ्यांत वेगवान, म्हणून पूर्ण वेगापासून या हेलकाव्यापर्यंत यायला त्याला मधल्या स्पिनपेक्षा जास्त वेळ लागतो. माझी डबी हा वेळ मोजते. मला ही किरकोळ तांत्रिक सोय वाटत होती. बाई म्हणाल्या, “हाच तुमचा दावा क्रमांक एक.” शिवाय आलेखाची आकृती आणि त्याचं सविस्तर वर्णन अर्जात घालाच, असा त्यांनी हट्ट धरला, कारण अर्ज दाखल झाल्यावर नवा मजकूर घुसवता येत नाही.

अर्ज दाखल केला. दुसऱ्या देशांत जायचं असेल तर त्या तारखेपासून १२ महिने मिळतात. पीसीटी या आंतरराष्ट्रीय पेटंट कराराच्या मार्गाने बहुतेक ठिकाणी ही मुदत ३० महिन्यांपर्यंत लांबते. ‘जागतिक पेटंट’ मात्र अस्तित्वात नाही, देशागणिक वेगळा खर्च येतो. मी एकाच देशावर थांबलो. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध झाला.

परीक्षण अहवाल आला तो विरुद्ध. परीक्षकांनी दोन जुनी कागदपत्रं पुढे केली होती. त्यांचं म्हणणं, नावीन्य आहे, पण पहिलं आणि दुसरं एकत्र केलं की जाणकाराला हे सहज सुचेल. शिवाय हा नुसता संगणक प्रोग्रॅम आहे का, असाही आक्षेप होता.

उत्तर लिहायला आठ दिवस लागले. दोन्ही कागदपत्रं ओळ न्‌ ओळ वाचली. दोन्हींत कंपन थांबण्याची वाट पाहिली जाते. थांबण्याआधीच्या हेलकाव्याला दोघांनीही उपद्रव मानून गाळून टाकलं होतं, आणि माझी डबी नेमकं तेच मोजत होती. दोन्ही जोडली तरी हेलकावा गाळलेलाच राहतो, हे आम्ही आकृती ३, म्हणजे अर्जात घातलेला तो कंपनाचा आलेख, दाखवून मांडलं. दाव्यात ‘पूर्ण वेगापासून हेलकाव्यापर्यंतचा कालावधी मोजणे’ हे शब्द घातले आणि ‘कोणतेही घरगुती उपकरण’ हे शब्द काढले. ते काढताना जीव तुटला. मिक्सर, पंप, पंखा, सगळं सुटलं. प्रोग्रॅमच्या आक्षेपावर सेन्सर, वायफाय न जोडता होणारी मोजणी आणि त्यातून वाचणारी बॅटरी दाखवली, आणि तो मुद्दा तिथेच मिटला.

पेटंट मंजूर झालं. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं, ठरलेली फी भरत राहिलो तर. मंजूर दावा सात ओळींचा आहे. डबी आईच्या मशीनला अजून तिथेच चिकटलेली आहे. मात्र आई हल्ली फोन बघत नाही. स्पिन उतरायला लागला की मशीनवर तळवा ठेवून उभी राहते, आणि हेलकावा आला की झाकण उघडते.