सेल्माला जाताय? बस सोडा, माणूस गाठा

अटलांटाहून किंवा मॉन्टगोमेरीहून अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या सेल्माची सहल घेणार असाल, तर पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: ज्यांच्या नावावर तिकीट विकताय, ते स्वतः आमच्याबरोबर किती वेळ असणार?

आम्ही माणशी 145 डॉलर मोजले. जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं की काळ्यांच्या मतदानहक्कासाठी निघालेल्या 1965च्या मोर्चात चाललेल्या स्थानिक माणसाबरोबर दिवस घालवा. प्रत्यक्षात ते आजोबा सेल्मात बसपाशी येऊन भेटले आणि पाऊण तासात त्यांना 'थँक्यू' म्हणून वाटेला लावलं. बाकी सगळा वेळ माइक एका तरुण गाइडच्या हातात, आणि त्याचं पाठांतरही कच्चं. 7 मार्चचा मोर्चा मार्टिन ल्यूथर किंग यांनी काढला, असं त्याने ब्राउन चॅपल या चर्चसमोर बिनदिक्कत ठोकून दिलं. आजोबांनीच त्याला थांबवलं. किंग त्या रविवारी अटलांटात होते. पुढे होते होजिया विल्यम्स आणि पंचविशीतले जॉन लुइस. मागे सहाशेच्या आसपास माणसं, आणि त्यांत हे, शाळकरी पोर.

पूल मात्र त्यांनी दाखवला तसा कुणी दाखवणार नाही. एडमंड पेटस पुलाला मधोमध चांगलाच उंचवटा आहे. त्यांनी आम्हाला गावाकडच्या टोकाला उभं केलं आणि पलीकडे काय दिसतंय ते विचारलं. काहीच दिसत नाही. रस्ता वर चढतो आणि संपतो. माथ्यावर पोचलं की मगच पलीकडचा उतार दिसतो, आणि त्या दिवशी तिथे राज्याचे पोलीस आडवी रांग धरून उभे होते. अश्रुधूर सुटला, घोडे अंगावर आले, तेव्हा मागच्यांना पुढे काय चाललंय याचा पत्ताच नव्हता. फोटोंत हे कळत नाही, चढूनच बघा. फूटपाथ अरुंद आहे, शेजारून ट्रक जातात, सावली अजिबात नाही. जुलैत दुपारी जाऊ नका. पूल ज्याच्या नावाचा आहे तो गुलामी टिकवण्यासाठी लढलेला सेनापती आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीचा पुढारी. नाव अजून तेच.

आता खरा संताप. सेल्मा ते मॉन्टगोमेरी हा मोर्चाचा 54 मैलांचा रस्ता, हायवे 80, मधला बराचसा भाग लाउंड्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात. तिथे बस थांबलीच नाही. व्हायोला लिउझो या मोर्चाच्या मदतीला आलेल्या डेट्रॉइटच्या गृहिणीला 25 मार्चच्या रात्री क्लॅनवाल्यांनी जिथे गोळ्या घातल्या, तिथला स्मृतिस्तंभही खिडकीतूनच. धावत्या एसटीतून कळसाला हात जोडावेत, तसं दर्शन. वेळ नाही म्हणे! आणि पुढे भेटवस्तूंच्या दुकानापाशी चाळीस मिनिटं गाडी उभी.

मराठी माणसाने तर लाउंड्स चुकवूच नये. 1965 सुरू झालं तेव्हा या काउंटीत पाचांपैकी चार माणसं काळी होती आणि मतदारयादीत त्यांतलं एकही नव्हतं. नाव नोंदवलं म्हणून मळेवाल्यांनी कुटुंबं जमिनीवरून हाकलली, ती तंबूंत राहिली. त्याच जागेवर आज राष्ट्रीय उद्यान सेवेचं केंद्र आहे, तेही फुकट. 1966मध्ये जॉन ह्युलेट आणि स्टोकली कारमायकल या चळवळीतल्या कार्यकर्त्यांच्या लोकांनी इथे स्वतंत्र पक्ष काढला. मतपत्रिकेवर चिन्ह लागत असे. त्यांनी काळा बिबळ्या घेतला. त्याच वर्षी तो कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाने उचलला, आणि 1972मध्ये ढसाळ, ढाले, ज. वि. पवार यांच्या मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आपल्या पँथरचं मूळ गाव या रस्त्यावर आहे आणि बस ते न थांबता ओलांडते!

आम्ही आजोबांचा फोन नंबर घेऊन ठेवला होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या गाडीने परत गेलो, अर्धा दिवस त्यांच्याबरोबर फिरलो, लाउंड्ससकट. चौघांचे मिळून बसच्या एका तिकिटाहून थोडेच जास्त गेले, आणि ते थेट त्यांच्या हातात. ऐकताना पावलोपावली मोबाइल पुढे करू नका, त्यांना चिडलेलं मी पाहिलंय. मोर्चाची गोष्ट ते हजारदा सांगून बसलेत, त्यानंतरचं विचारा. मोर्चाच्या वेळचा गोरा महापौर स्मिदरमन मधला थोडा काळ सोडला तर 2000पर्यंत खुर्चीवर होता, हे त्यांच्याकडून ऐकण्यात मजा आहे. सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत, चालायला कमी लावा, गाडीत पाणी ठेवा.

गाव म्हणून सेल्मा पडझडीचं आहे. जानेवारी 2023च्या टोर्नेडोने उरलंसुरलं झोडपलं. जेवणाची आशा धरू नका, हायवे 80वरही नाही. डबा घ्या, पेट्रोल मॉन्टगोमेरीतच भरा. ब्राउन चॅपल आतून बघायचं असेल तर आधी फोन करा.

मॉन्टगोमेरीबद्दल लिहीत नाही. सगळं आखीव आहे, चुकायला वाव नाही. गुलामी आणि वर्णद्वेषाचा इतिहास मांडणाऱ्या लेगसी म्युझियमला अर्धा दिवस द्या, बस्स.

अलाबामाचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे आहे, तेव्हा पहाटे निघालात तर तो तास फुकट मिळतो. परतीत कापला जातो. मोर्चाच्या स्मरणासाठी मार्चच्या पहिल्या रविवारच्या आसपास जायचं असेल तर हॉटेल महिनोन्‌महिने आधी धरा. पण तेव्हा पुलावर पुढारी आणि कॅमेरेच जास्त, आणि स्थानिक माणसाला तुमच्याशी निवांत बोलायला वेळ नसतो. मी ऑक्टोबर सुचवेन, आणि बुधवार-गुरुवार.