हिप्परग्याच्या काठावर चिलापी आणि मरळ

तुळजापूरला जाताना हिप्परग्याचा तलाव प्रत्येक सोलापूरकराने बघितलेला असतोय, पण गाडीच्या खिडकीतून. कोजागिरीला तर लाखो माणसं याच रस्त्याने आईच्या दर्शनाला चालत जातात. तरी खाली उतरून काठावर तासभर बसलेलं माणूस क्वचित भेटतं, आणि मला ते मनापासून वाईट वाटतं, कारण हे पाणी बसून बघायचं आहे आणि हातात गळ असेल तर ते जास्तच कळतं.

फेब्रुवारीच्या शेवटाला मी आणि माझा मित्र दुपारी चारनंतर गाडी काढली. मित्र पद्मशाली समाजातला, घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी, आणि माशाच्या बाबतीत त्याच्या घरात एकाचंही दुमत नाही. तुळजापूर नाका सोडला की पंधरा-वीस मिनिटांत पाणी दिसायला लागतं. सरकारी कागदात याचं नाव एकरुख तलाव. अदिला नदीवर मातीचा बांध घालून इंग्रजांच्या काळात बांधलेला, 1871 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे 1876 चा तो मोठा दुष्काळ पडायच्या आधीच हे पाणी इथं साठत होतं. शहराने कित्येक वर्षं हेच पाणी प्यायलंय.

काठावर मामा भेटले. आमचं नातं काही नाही, पण सगळे त्यांना मामाच म्हणतात. अशा तलावांचा मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे आधी विचारायचं, मगच गळ टाकायचा, हे आम्ही पाळतो. मामा थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळी सोडून नुकतेच परत आलेले. म्हणले, "बसा की, पण जाळ्याच्या बाजूला टाकू नका, अन् ऊन कलल्याशिवाय मरळीचा नाद करू नका."

मग आधी चिलापी, म्हणजे तिलापिया मासा. मामांची पद्धत साधी, प्लास्टिकच्या बाटलीला तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, गुंडाळलेला, टोकाला बारीक गळ, वर थोडं शिसं, गांडूळ लावायचं आणि बाटली हातात धरून भिरकावायचं. माझ्याकडे रॉड आणि रीळ होता पण काठाजवळच्या उथळ पाण्यात बाटलीच भारी चालते. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगल तळाला, आणि चिलापी म्हणाल तर जिथं जे मिळेल ते खाते, म्हणून तर ती बाहेरून येऊन आपल्या सगळ्या तलावांत पसरलीय. एक चिलापी काढली तर तिच्या तोंडातून इवली इवली पिल्लं बाहेर पडली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडातच सांभाळते, हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा बघितलं. मित्राने तिला तशीच पाण्यात सोडली, पिल्लंही ओंजळीने मागोमाग सोडली, आणि दोघंही जरा वेळ काही बोललो नाही.

मला ट्राऊटची फार हौस होती. हिमाचलात तीर्थनच्या काठावर तो मासा बघितलेला, ठिपक्या-ठिपक्यांचा, देखणा. इंग्रजांनी 1900 च्या आसपास काश्मिरात आणला, मग कुलू, निलगिरी असा पसरला, पण त्याला थंड आणि ऑक्सिजनने भरलेलं पाणी लागतं, वीस डिग्रीच्या वर पाणी तापलं की तो कासावीस व्हायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 च्या पुढं. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी, म्हणजे इथं तो टिकणारच नाही. आणि मरळ बघा, कल्ल्यांच्या वर तिला हवा घ्यायची वेगळी सोय आहे, ती वर येते, हवेचा घोट घेते आणि खाली जाते. तिला वर येऊ दिलं नाही तर ती पाण्यातच गुदमरून मरते! तलाव आटला तर चिखलातसुद्धा तग धरते. सोलापूरच्या उन्हाला घडवलेला मासा आहे हा, आणि माझ्या लेखी ट्राऊटपेक्षा तसूभरही कमी नाही.

सूर्य खाली गेला तसे पट्टकदंब हंस आवाज करत पाण्यावर उतरायला लागले. हे हिमालय ओलांडून येतात, थोड्याच दिवसांत परत निघणार होते. काठाला बेशरमाची झुडपं पाण्यात उभी होती, त्यांच्या बुंध्याशी एकदा बुडबुडा आला, मग थोड्या वेळाने पुन्हा तिथंच. मामांनी नुसती हनुवटी हलवून दाखवलं. मी मोठ्या गळाला बोटाएवढी चिलापी लावली आणि झुडपाच्या अलीकडे टाकली. काहीच नाही. दोरी जरा सरकली, मी उचलणार तेवढ्यात मित्र म्हणला, "थांब की बे, आत्ता तोंडात धरलीय तिनं, गिळू दे." मनातल्या मनात मोजत बसलो, मग दोरी ताठ झाली आणि मी ओढली. पाणी फाटल्यासारखा आवाज, रॉड वाकला, मरळ सरळ झुडपात घुसायला बघत होती आणि तिथं घुसली असती तर दोरी अडकून तुटलीच असती, म्हणून मी रॉड आडवा करून चालत चालत मागं सरकत तिला उघड्या पाण्यात आणली. किलोभर तरी असेल. काळपट पाठ, सापासारखं डोकं.

मामांनी हातात घेऊन बघितली, खूष झाले, आणि एक गोष्ट बजावून सांगितली. पावसाळ्यात पाण्यावर लाल-केशरी पिल्लांचा पुंजका दिसला तर त्याच्या खाली मरळ राखणीला असते, तिथं गळ टाकायचा नाही. पिल्लांच्या जवळ काहीही आलं की ती अंगावर जाते, त्यामुळे पकडायला एकदम सोपी, आणि ती गेली की पिल्लं दुसरे मासे खाऊन टाकतात. म्हणजे एका मरळीपायी सगळा पुंजका जातो. संस्थेत मामा हे सगळ्यांना सांगतात, ऐकणारे थोडे.

मरळ मित्राच्या घरी गेली. त्याच्या आजीने पुलुसू, म्हणजे तेलुगू पद्धतीचा आंबट रस्सा, केला, चिंचेचा घट्ट कोळ, भरपूर कांदा, मेथीदाणे, लाल तिखट, आणि मासा शेवटी सोडायचा, चमचा न घालता पातेलंच हलवायचं. रात्री करून दुसऱ्या दिवशी खायचा, तोवर आंबटपणा तुकड्यात उतरतो. सकाळी कडक भाकरी आणि शेंगाचटणीबरोबर खाल्ला. आजीने आता वांब, म्हणजे तो सापासारखा लांबट मासा, आणायला सांगितलंय. वांब रात्रीची लागते, त्यामुळे मुक्कामाच्या तयारीने जावं लागणार, मामांना तसं विचारून ठेवलंय.