'ला' रागावणं आणि 'वर' रागावणं

आई मुलाला रागावली आणि आई मुलावर रागावली, ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिल्यात तोंड चाललंय, चार शब्द सुनावून झाले की जेवायला हाकही येईल. दुसऱ्यात तोंड बंद असू शकतं आणि अबोला दोन दिवस टिकू शकतो.

बोलणी घालण्यासाठी मराठीत शब्दांची गर्दी आहे, पण आधी विभक्ती बघावी. दटावणे, खडसावणे, झापणे ही 'ला' घेणारी क्रियापदं. यांत समोरच्याला काहीतरी सांगायचं असतं. खेकसणे, डाफरणे, भडकणे यांना 'वर' लागतं, कारण तिथे नुसता राग बाहेर पडतो, सांगण्यासारखं फारसं काही नसतं. 'ओरडणे' दोन्हीकडे चालतं: "बाई मला ओरडल्या" हे शाळेतलं, "माझ्यावर ओरडू नका" हे भांडणातलं.

दुसरी खूण 'ने'ची. साहेबांनी झापलं, आजोबांनी दटावलं; पण आई रागावली, बाई ओरडल्या, तो खेकसला. "आईने मला ओरडलं" हे हल्ली सर्रास कानावर पडतं. हिंदीतल्या 'डाँटा'चं ते वळण, आणि संवाद लिहिणाऱ्यांनी तरी ते टाळावं.

सगळ्यात जास्त घोळ 'बोलणे' घालतं. सासू तिच्याशी बोलली म्हणजे गप्पा झाल्या, सासू तिला बोलली म्हणजे तिने बोलणी खाल्ली. मुंबईत मात्र "मी त्याला बोललो" म्हणजे नुसतं सांगितलं. हेच वाक्य साताऱ्याकडच्या माणसाने ऐकलं तर तो विचारेल, "का, काय झालं एवढं?"

दटावण्यात आवाज चढत नाही, डोळे मोठे होतात. पाहुण्यांसमोर तिसऱ्यांदा लाडवाला हात घालणाऱ्या पोराला दटावतात. म्हणूनच बरोबरीच्या माणसाला कोणी दटावत नाही, तिथे शब्दच चुकतो. खडसावणं उघड असतं आणि त्यात जाब असतो: "हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?" खालचा माणूसही वरच्याला खडसावू शकतो, आणि बातमी होते ती तेव्हाच. दरडावण्यात मात्र मुद्दा कमी, धाक जास्त.

कचेरीत पायऱ्या ठरलेल्या आहेत. समज तोंडी दिली जाते, ताकीद बहुधा कागदावर येते, मग 'कारणे दाखवा' नोटीस. ठपका ठेवणे हे रोजच्या बोलण्यात दोष देणं. पण महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मध्ये ती एक किरकोळ शिक्षा आहे. त्यामुळे सरकारी नोकराबद्दल लिहिताना 'ठपका' आणि 'ताकीद' यांची अदलाबदल करू नये. ताशेरे ओढायचे ते न्यायालयाने किंवा लेखापरीक्षकाने. शेजारणीने ताशेरे ओढले, असं लिहिलं की विनोद होतो (कधीकधी तोच हवा असतो).

कानाची शब्दावली वेगळीच. कानपिचक्या हलक्या, जमल्यास हसत दिलेल्या. कानउघाडणी आपल्या माणसाची, दार लावून. कान टोचायला अधिकार लागतो. सोनारानेच कान टोचावेत ही म्हण त्यासाठीच. खरडपट्टी आणि बिनपाण्याची हजामत न्हाव्याकडून आल्या, तर उद्धार, पूजा आणि लाखोली देवघरातून. लाखोली म्हणजे खरं तर देवाला लाख दूर्वा किंवा बेलाची पानं वाहणं. शिव्यांची वाहताना मोजायला कोणी बसत नाही.

लांबण लावणाऱ्यांसाठी उपदेशाचे डोस, प्रवचन, चऱ्हाट हे शब्द आहेत. 'बौद्धिक घेणे' शाखेवर आणि सेवा दलात साध्या अर्थाने होतं, बाहेर पडल्यावर टोमणा झालं. पाढा वाचणं त्याहून वाईट. त्यात आजची चूक निमित्ताला असते आणि मागच्या दिवाळीपासूनच्या सगळ्या निघतात.

आता मध्येच अडवणं. वाटेतल्या अनोळखी माणसाला हटकतात: "कोण पाहिजे?" बोलत्या किंवा निघालेल्या माणसाला टोकतात. घराबाहेर पडणाऱ्याला "कुठे?" विचारलं की काम होत नाही, असं मानणारे आजही आहेत, म्हणून जुनी माणसं "लांब का?" एवढंच विचारतात. दोघांच्या बोलण्यात तिसरा तोंड घालतो. थोरांच्या बोलण्यात लहानाने तोंड घातलं तर तो आगाऊपणा, लहानांच्या बोलण्यात थोरांनी घातलं तर त्याला 'समजावणं' म्हणायची पद्धत आहे.

दुसऱ्याचं भाषण चालू असताना राजरोस उठता येतं ते विधिमंडळात. तिथे हरकतीचा मुद्दा मांडायचा. हरकत कामकाजाच्या नियमाला धरून असावी लागते; भाषण आवडलं नाही, ही हरकत होत नाही. मुद्दा ग्राह्य की नाही हे अध्यक्ष ठरवतात, आणि तोवर बोलणाऱ्याने थांबायचं असतं.