कार्सनची खुर्ची

गुरुवार, रात्री उशिरा

जेवणं आटोपल्यावर सहज यूट्यूब लावलं आणि डेव्हिड लेटरमनमध्ये अडकलो. रात्री उशिराच्या विनोदी गप्पांच्या शोचा अमेरिकन सूत्रसंचालक. १९८२ ते २०१५, म्हणजे तब्बल ३३ वर्षं या माणसाने अमेरिकेला रात्री जागवलं. आधी एनबीसी या चॅनलवर, मग सीबीएसवर. त्याआधी तो इंडियानापोलिसच्या टीव्हीवर हवामान सांगायचा. तिथेही सरळ सांगेल तर शपथ!

१९८४ सालची व्हेल्क्रोची (बुटांना-बॅगांना असते ती चरचर उघडणारी चिकटपट्टी) क्लिप मी पुन्हा पुन्हा बघितली. स्वारी अंगभर व्हेल्क्रोचा सूट चढवते, छोट्या ट्रॅम्पोलिनवरून उडी घेते आणि व्हेल्क्रोच्याच भिंतीला पालीसारखी चिकटते. बस्स, एवढंच. पण चेहऱ्यावर भाव असा, की हे सगळं किती फालतू आहे हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. टीव्हीवर बसून टीव्हीचीच टर उडवायची, ही त्याची खरी करामत. आज रात्रीच्या शोमध्ये जो तिरकसपणा अगदी गृहीत धरलेला असतो, तो बराचसा त्याच्याकडून आलाय.

आणि अशा माणसाला आयुष्यभर हवी काय होती? तर जॉनी कार्सनची खुर्ची. ३० वर्षं एनबीसीवरचा रात्रीचा 'टुनाइट शो' चालवून कार्सन १९९२ मध्ये निवृत्त झाला आणि एनबीसीने ती खुर्ची दिली जे लेनो या दुसऱ्या विनोदवीराला. लेटरमन चिडला, पुढच्या वर्षी सीबीएसवर गेला आणि लेनोच्याच वेळेला समोर उभा ठाकला.

मे १९९४ मध्ये त्याचा शो काही दिवस लॉस एंजेलिसला होता. आधी गंमत म्हणून कार्सनच्या नावाने भलत्याच माणसाला स्टेजवर आणलं. मग खराखुरा कार्सन आला. लेटरमनने उठून आपली खुर्ची दिली, कार्सन टेबलामागे बसला. टाळ्या थांबेनात. आता बोलेल, मग बोलेल... एक अक्षर न बोलता तो उठला आणि निघून गेला. टीव्हीवरचं त्याचं ते शेवटचं दर्शन.

त्यापुढची गोष्ट मला जास्त आवडते. निवृत्त कार्सन घरी बसून विनोद लिहायचा आणि लेटरमनला पाठवायचा. लेटरमन ते वापरायचाही. जानेवारी २००५ मध्ये कार्सन गेला. आठवडाभराने लेटरमनने नेहमीसारखा मोनोलॉग, म्हणजे शोच्या सुरुवातीचे उभ्याने सांगायचे विनोद, केला, लोक नेहमीसारखे हसले, आणि मग त्याने सांगितलं की आजचे सगळे विनोद कार्सनचे होते. एनबीसीच्या साहेबांनी कुणाला का बसवेनात, वारस कोण हे म्हाताऱ्याने ठरवलेलं होतं, असं आपलं माझं मत.

सगळंच गोड नाही. २००९ मध्ये त्याने शोमध्येच कबूल केलं की आपल्याच कार्यक्रमातल्या बायकांशी त्याचे संबंध होते, आणि त्यावरून कुणी त्याच्याकडे पैसे उकळू बघत होता. ती क्लिपही बघितली. प्रेक्षक हसतायत. तो साहेब, त्या नोकरीतल्या. मला काही हसू आलं नाही.

पण धंद्यातली माणसं त्याला मानतात ती मानतातच. २० मे २०१५ ला त्याचा शेवटचा भाग होता, तर त्याच वेळेला दुसऱ्या चॅनलवर असाच शो करणाऱ्या जिमी किमेलने नवा भाग केलाच नाही. जुना लावला आणि लोकांना सांगितलं, लेटरमन बघा.

आता उद्या २००० सालचा भाग शोधायचाय. बायपासनंतर परत आल्यावर त्याने आपल्या डॉक्टर-नर्सना स्टेजवर बोलावलं होतं, तो.